आमच्या दारावरचा हिरवा ठिपका

आमच्या लालबागच्या चाळीत पाणी पहाटे येतं आणि तिसऱ्या मजल्यावर कधीच पोचत नाही. खालच्या बिऱ्हाडांनी नळाला चोरून पंप लावलेत. आमचा नळ नुसता फुसफुसतो. आई गुडघे सांभाळत कळशी घेऊन तळमजल्यावर जाते. मी उठलो तर ओरडते, "तू नीज, ऑफिस आसा तुका."

त्या कळशीपायी मी दर रविवारी माटुंग्याला एका गटाच्या बैठकीला जाऊ लागलो. आम्ही काही नोकरदार मंडळी, फुकट राबणारी. कुठे पाणी नीट येतं, कुठे नाही, हे लोकांनाच विचारून नकाशावर टाकायचं, नकाशा सगळ्यांसाठी खुला ठेवायचा आणि वॉर्ड ऑफिसला दाखवून भांडायचं. येत असेल तर हिरवा ठिपका, नसेल तर लाल. रहिवासी सांगेल तेच टाकायचं, आपलं शहाणपण घालायचं नाही, हा नियम मीच सगळ्यांच्या गळी उतरवला होता.

आमच्या चाळीत घरचा माणूस नको म्हणून गटातल्या एका मुलीला पाठवलं. नंतर नकाशा बघतो तर चाळ हिरवीगार. पंपवाल्यांचं समजू शकतो. तक्रार गेली की तपासणी येते आणि पंप जप्त होतात. पण आमच्या दारावरचा ठिपकाही हिरवा होता. माझं डोकंच फिरलं.

"आई, पाणी नीट येतं म्हणून तू सांगितलंस?"

"सांगलंय." ती बांगडे साफ करत होती, मान वर केली नाही.

"अगं, हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय."

"खालचे काका रोज अंघोळीची बादली वर आणून देतत. त्यांचो पंप गेलो तर ती कोण देतलो? तुझो नकाशो?"



तरी वॉर्ड ऑफिसात गेलो. इंजिनिअर सभ्य माणूस. त्याने चहा मागवला आणि आमचाच नकाशा त्याच्या कॉम्प्युटरवर उघडला.

"चांगलं काम करताय तुम्ही लोक. आम्ही वापरतो हे," तो म्हणाला. "तुमच्या गल्लीतली पाइपलाइन यंदा बदलायची होती. पण इथे कुणाची तक्रारच नाही, म्हणून पुढे ढकलली."

तो टोमणा मारत नव्हता, खरंच कौतुक करत होता. ऑफिसांनी लोकांची माहिती वाचावी म्हणून आम्ही घसा कोरडा केला, आणि वाचली ती नेमकी ही. ठिपका लाल करायला मला एक बोट पुरलं असतं. बसमध्ये मोबाइल उघडला आणि चरफडत बंद केला.

रविवारी नव्या स्वयंसेवकांना नियम समजावायचे होते. सकाळी दारात काकांनी ठेवलेली बादली होती. त्या पाण्याने अंघोळ केली आणि निघालो. जिन्यात आई कळशी घेऊन वर येत होती. घ्यायला हात पुढे केला तर म्हणाली, "जा तू, उशीर होतलो."