फलाटबाईंचा प्रोसेसर

सव्वीस वर्षं त्या बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारत होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली अर्धा तास उशिरानं सुटणार, कुणाची विसरलेली पिशवी चौकशीच्या खिडकीत जमा आहे, सगळं त्यांच्या तोंडून गावाला कळायचं. चेहरा फारसा कुणाच्या ओळखीचा नव्हता, आवाज मात्र सगळ्यांच्या. नुसतं "अर्धा किलो बटाटे द्या" म्हटलं, तरी भाजीवाली हातातलं काम टाकून वर बघायची. "अगंबाई, तुम्हीच का त्या फलाटबाई?" तेच नाव पुढं रुळलं, अगदी घरातसुद्धा.

मग स्थानकावर आपोआप बोलणारं यंत्र आलं आणि त्याच वर्षी फलाटबाई निवृत्त झाल्या. महिनाभर त्यांनी घरातल्या घरात बोलून पाहिलं. पण यजमान पडले फ्रिज दुरुस्त करणारे. दिवसभर कॉम्प्रेसरची घरघर ऐकून आलेल्या त्या माणसाला संध्याकाळी फक्त शांतता हवी असायची. अशात कळलं, की दृष्टिहीनांच्या वाचनालयाला पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करून देणारी माणसं हवी आहेत. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि त्यांच्याहून जास्त यजमानांचा.

लग्न होऊन गेलेल्या मुलीची खोली त्यांनी ताब्यात घेतली. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीला दोन जाड रजया टांगल्या, दाराखालच्या फटीत जुना टॉवेल कोंबला. जावयानं आपला वापरलेला कॉम्प्युटर आणून जोडून दिला, मायक्रोफोन लावून दिला. चार वर्षांत बाईंची एकोणतीस पुस्तकं वाचून झाली.

गेल्या दीड वर्षात मात्र कॉम्प्युटर कुरकुरायला लागला होता. सुरू केला, की आतला पंखा असा घोंघावायचा, की जणू खोलीत कुणी पिठाची गिरणी लावली आहे. तो आवाज वाचनात उतरायचा. जावयानं त्यावर उपाय दिला. पंख्याचा आवाज शोधून पुसून टाकणारा एक प्रोग्राम होता. पण तासाभराचं प्रकरण पुसायला त्याला चाळीस मिनिटं लागायची आणि तोवर मशीन नुसतं धापा टाकत बसायचं.

"आई, आता प्रोसेसरच बदलू या," एका रविवारी जावई म्हणाला. "पुढच्या पिढीचा आलाय."

"पुढच्या पिढीचा म्हणजे हो काय?"

"मेंदू नवा, बाकी शरीर तेच. त्याच खाचेत बसतो, बोर्डसुद्धा बदलायला नको. चाळीस मिनिटांचं काम बारा मिनिटांत!"

"बघा हं जावईबापू. पुढच्या पिढीचं आमच्याशी पटायला हवं."

मुलगी खो खो हसली. जावई मात्र गंभीर होता. त्यानं कागदावर जुन्या-नव्याची तुलना लिहिली, बाणबिण काढून समजावली, आणि कागद चुंबकानं फ्रिजच्या दाराला लावून गेला.

बाईंना वेळापत्रकाची सवय. कुणी सांगितलं म्हणून हो म्हणायचं, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. आठवडाभर त्यांनी स्वयंपाकघरातलं घड्याळ शेजारी ठेवून काम केलं आणि वेळ टिपून ठेवली. वाचायला एक तास. पुन्हा ऐकून चुका काढायला, अडखळलेली वाक्यं नव्यानं वाचायला अडीच तास. पुसायला चाळीस मिनिटं. म्हणजे नवा प्रोसेसर आला तरी वाचणार होती ती फक्त शेवटची अठ्ठावीस मिनिटं. बाकीचा वेळ त्यांच्या घशाचा आणि कानांचा होता, आणि त्यांची पुढची पिढी काही बाजारात येणार नव्हती. तरी अठ्ठावीस मिनिटं म्हणजे काही थोडी नव्हेत, असं म्हणत त्यांचं मन हळूहळू होकाराकडे झुकलं. त्यांनी जावयाला फोन केला. तो इतका खूश झाला, की येत्या रविवारी प्रोसेसर घेऊनच येतो म्हणाला. दुकान ओळखीचं होतं, खोकं उघडलं नाही तर परत घेणार होते.

शनिवारी सकाळी सूरवाल्यांचा फोन आला. हे गृहस्थ जन्मापासून दृष्टिहीन. आयुष्यभर वाद्यं सुरात लावून देण्याचा धंदा केलेला. बाईंचं प्रत्येक पुस्तक ऐकायचे आणि संपलं, की आवर्जून फोन करायचे.

"बाई, राग मानू नका, पण एक विचारू? तुमचे स आणि श कुठं गेले?"

"म्हणजे?"

"पूर्वी तुम्ही माझ्यासमोर खुर्चीत बसून वाचताय असं वाटायचं. हल्ली पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारख्या वाटता. 'सशाची शेपटी' म्हणालात, तर ससा गायब आणि नुसती पटी उरली."

बाईंना हसू आलं आणि वाईटही वाटलं. "अहो, मागं पंख्याचा आवाज येतो, तो पुसून टाकते मी."

"तो राहू द्यायचा होता. एकसुरी आवाज मी सहज कानाआड करतो. पण त्याच्याबरोबर तुमचा आवाजही खरवडला जातोय, त्याचं काय करू?"

दुपारी जेवताना बाईंचं लक्ष ताटात नव्हतं. "नवा प्रोसेसर घेतला तरी काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "खरवडायचं तेच काम झटपट करणार, एवढंच."

यजमानांनी घास गिळला. "खरवडायचंच कशाला?"

"पंखा ओरडतो म्हणून."

"आणि पंखा का ओरडतो?"

दीड वर्षात तो प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. यजमान हात धुऊन खोलीत गेले. कॉम्प्युटर चालूच होता. त्याच्या मागं त्यांनी तळहात धरला, वरच्या जाळीवरून बोट फिरवलं, कान लावला.

"अगं, हा तापलाय! याला वारा मिळत नाहीये. जाळीवर धूळ साचली, की फ्रिज असाच बोंबलतो."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मला काय ठाऊक! भिंतीपलीकडून घरघर ऐकायचो. म्हटलं, कॉम्प्युटर असाच वाजत असेल. ते तुझं आणि जावयाचं खातं. फ्रिजवाल्याला कुणी विचारलं?"

रविवारी जावई चकचकीत खोकं घेऊन आला, तर सासरे गॅलरीत ब्रश, फुंकणी आणि पेचकस मांडून तयार बसलेले. "आधी जुना उघडा," ते म्हणाले. झाकण निघालं आणि सगळ्यांचे डोळे विस्फारले. प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमध्ये करड्या लोकरीची जाड गादी बसली होती. यजमानांनी चिमटीनं ती अख्खीच्या अख्खी उचलली, उजेडात धरली आणि बोटांनी चुरली.

"हा तुझ्या रजयांचा कापूस," ते म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. आवाज बाहेर ठेवायला टांगलेल्या रजयांनीच खोलीत आवाज आणला होता.

पाती लख्ख झाली. प्रोसेसरची उष्णता पात्यांपर्यंत पोचवणारा मधला लेप वाळून भुकटी झाला होता. जावयानं तो पुसून नवा लावला. सगळं बसवून बटण दाबलं आणि बाई म्हणाल्या, "सुरूच झाला नाही वाटतं."

"झालाय, आई," जावई म्हणाला. पडद्यावर तापमानाचा आकडा होता. नव्वदीच्या पुढं खेळणारा आकडा पन्नाशीत शांत बसला होता. जावई ओशाळून मान खाजवत होता. "तापला, की जीव वाचवायला हा आपणहून सावकाश चालतो. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं."

"तुम्ही मनापासून माझ्या सोयीचं बघत होता," बाई म्हणाल्या. "पण आता पुसायलाच काही उरलं नाही, तर झटपट पुसणारा घेऊन करू काय? खोकं उघडू नका, परत देऊन टाका."

"नक्की? पुन्हा विचार—"

"नक्की. गाडी व्यवस्थित चालतेय, तर मी प्रवाशांना खाली कशाला उतरवू?"

त्यावर सासरे असे हसले, की जावयालाही हसावंच लागलं. मुलीनं चहा टाकला. रजया उतरवून धुवायला गेल्या, आणि त्यांच्या जागी बाईंनी धागे न सुटणाऱ्या कापडाचे जाड पडदे शिवून लावले.

पुढचं प्रकरण त्यांनी काही न पुसता पाठवलं. सूरवाल्यांचा फोन पुस्तक संपायची वाट न बघता आला.

"बाई, आलात की परत खुर्चीत! पान उलटल्याचासुद्धा आवाज आला."

"अय्या, तो काढायचा राहिला."

"काढू नका. कागद जाड आहे, जुनं पुस्तक दिसतंय, एवढं कळलं मला त्यावरून."

यजमानांनी गिऱ्हाइकांच्या फ्रिजला लावतात तसली चिठ्ठी कॉम्प्युटरच्या पाठीवर चिकटवली. सफाई केल्याची तारीख, खाली पुढच्या सफाईची. आणि आता खोलीतून नुसता बाईंचा आवाज यायला लागल्यामुळं म्हणा किंवा कशामुळं, दुपारी ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसायला लागले. तिसावं पुस्तक जाडजूड होतं, बोट फुटून बेटावर अडकलेल्या एका खलाशाचं. एका दुपारी बाई पाणी प्यायला बाहेर आल्या, तर यजमानांनी विचारलं, "अगं, त्याचा विस्तव पेटला का शेवटी?"

"ते उद्याच्या प्रकरणात आहे."

"आत्ता सांगून टाक की."

"मुळीच नाही. उद्या तीन वाजता."

दुसऱ्या दिवशी फ्रिजवाले एक काम परवावर ढकलून पावणेतीनलाच घरी हजर होते.