ठकूबाईंची मोटार

१२ डिसेंबर १९३४ रोजी सकाळी अकरा वाजता, जळगावच्या मामलेदार कचेरीत, एक रुपयाच्या स्टँपकागदावर मी शपथेवर लिहून दिले की माझी बायको अस्तित्वात आहे. हजर : मी, माझी बायको, पारोळ्याहून आणलेली तिची आत्या आणि कचेरीचे अव्वल कारकून. लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती.

ही वेळ माझ्यावर एका जुन्या मोटारीमुळे आली, असे मी बाहेर सांगतो. ती माझ्यामुळेच आली, असे घरात सांगितले जाते. नीट बेरीज-वजाबाकी केली तर घरातले म्हणणे बरोबर निघते.

माझा मेहुणा दामू मोंबासाला रेल्वेच्या कोठारात नोकरीला होता. त्याची आई लहानपणीच गेली, त्यामुळे त्याला वाढवले ते बहिणीने, म्हणजे माझ्या बायकोने. आमचे लग्न झाले तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि वरातीत बहिणीचा पदर धरून तोही आमच्या घरी आला. (परत पाठवायचे कोणाला सुचले नाही.) माझ्याच घरी राहून तो मॅट्रिक नापास झाला, दोनदा. मग एकोणिसाव्या वर्षी बोटीत बसून आफ्रिकेला गेला, तो सात वर्षे आला नाही. दर दिवाळीला त्याची पाच रुपयांची मनिऑर्डर यायची. भाऊबीजेला बायको अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची आणि आत आल्यावर उगीचच माझ्यावर खेकसायची. तेवढा एक दिवस मी काही बोलत नसे.

त्या वर्षी ऑक्टोबरात मला मुंबईहून एका दलालाचे पत्र आले. बंदरातून लोकांचा माल सोडवून देण्याचा त्याचा धंदा. त्याने इंग्रजीत लिहिले होते : मोंबासाहून दामोदर सखाराम यांनी एक वापरलेली मोटार पाठवली आहे. बोट २२ तारखेला लागली. माल 'ठकूबाई सखाराम' यांच्या नावे असून पत्ता आपला आहे. सदर बाई आपल्या घरी राहतात काय? असल्यास त्यांचे अधिकारपत्र आणि जकातीची रक्कम पाठवावी.

पत्र मी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या ऑफिसातच वाचले. मी तिथला हेडक्लार्क. माझ्या हातून गेलेल्या कागदात चूक निघाली असे कधी झाले नव्हते. मी पत्र दोनदा वाचले आणि मला घाम फुटला. कारण ठकूबाई नावाची कोणीही बाई आमच्या घरात नव्हती! घरात होती ती सुशीला, माझी बायको. मग ही ठकूबाई कोण? आणि आमच्या दामूने तिला आपल्या बापाचे नाव लावून मोटार का पाठवावी? पाच रुपये बहिणीला, आणि मोटार ठकूबाईला!

कोणत्याही शहाण्या माणसाने संध्याकाळी घरी जाऊन बायकोला विचारले असते. मी विचारले नाही. भावाचे असले प्रताप कळून तिला धक्का बसू नये, हा माझा हेतू. हेतू चांगला होता, हे अजूनही नमूद करतो. मी त्याच दिवशी, त्याच टेबलावर, उत्तर लिहिले : 'या नावाची स्त्री माझ्या घरात राहत नाही, पूर्वी राहत नव्हती, आणि माझ्या परवानगीशिवाय पुढेही राहणार नाही.' खाली सही केली. नक्कल ठेवली. (नक्कल ठेवायला नको होती.)

त्यानंतर दामूची अब्रू वाचवण्यासाठी मी गुपचूप ठकूबाईचा शोध सुरू केला. जळगावात मला दोन सापडल्या. पहिली बाजारात भरताची वांगी विकायची. मी इकडेतिकडे बघत हळूच विचारले, "बाई, मोंबासाहून तुमची काही मोटार वगैरे यायची आहे का?"

तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले. "भाऊ, मन्हा घर हातगाडी बी नही शे. वांगा लेस का नही, ते सांग!"

मी दोन शेर वांगी घेतली. दुसऱ्या ठकूबाई जुन्या गावात, ऐंशीच्या घरात, विधवा. त्यांनी माझे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बरं, मग केव्हा येणार मोटार?" पुढे आठवडाभर त्या रोज निरोप पाठवून मोटारीची चौकशी करत होत्या.

दिवाळी झाली. त्या वर्षी दामूची मनिऑर्डर आली नाही. चंद्राला ओवाळून आत आलेली बायको त्या दिवशी माझ्यावर खेकसलीसुद्धा नाही, तेव्हा मी फार घाबरलो. नोव्हेंबरच्या वीस तारखेला दामूचे पत्र आले. तिला, मराठीत, त्याच्या त्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात. मी जेवत होतो. ती उंबऱ्याशी उभी राहून मोठ्याने वाचू लागली.

"ताई, साहेब विलायतेला परत गेला, त्याची गाडी मी हप्त्याने घेतली आणि तुला पाठवली. भाऊबीजेला दारात असेल. सात वर्षांची ओवाळणी एकदम धर. बापाच्या घरची ओवाळणी, म्हणून कागदावर बापाच्या घरचंच नाव घातलं आहे…"

ती थांबली. मी घास ताटात परत ठेवला.

"तुझं बापाच्या घरचं नाव?" मी विचारले.

"ठकू," ती म्हणाली. "का हो? असे का बघताय?"

आता इथे एक खुलासा करतो. तो मला वाचवत नाही, पण करतो. माहेरी ती थोरली, म्हणून सगळे तिला ताई म्हणायचे. लग्नात आमच्या वडिलांनी सुचवलेले 'सुशीला' हे नाव मी अंगठीने ताटातल्या तांदळांत लिहिले आणि जुने नाव तिथल्या तिथे बंद झाले. ते एकदा कानावर पडलेही असेल, पण वाजंत्री चालू होती, आणि मी नोंद केली नव्हती. त्यानंतर एकोणीस वर्षे मी तिला 'अगं' म्हणत होतो. 'अगं'ने काम भागत होते!

नक्कल मला दाखवावी लागली. तिने ती वाचली. 'पुढेही राहणार नाही' इथपर्यंत आली आणि घडी घालून परत दिली.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "सहीसुद्धा ठळक आहे."

त्या दिवसापासून ती माझ्याशी भाजीत मीठ आहे की नाही एवढ्यापुरतेच बोलू लागली.

दलालाला मी तार केली. त्याचे उत्तर आले की मालकीण नाही असे मीच कळवल्यामुळे माल बेवारशी धरला गेला आहे. गोदामभाडे रोज दीड रुपया चढत आहे. २० डिसेंबरपर्यंत सोडवला नाही, तर लिलाव होईल. ठकूबाई आणि सुशीलाबाई या एकच आहेत असा पुरावा हवा, सरकारी शिक्क्याचा. शेवटी त्याने मैत्रीच्या भावनेने एक सूचनाही केली होती : एवढ्या कटकटीपेक्षा गाडी मुंबईतच विकावी, सहाशेला गिऱ्हाईक आहे.

माझा पगार तेव्हा पंच्याऐंशी रुपये. गाडी चालवणे आम्हा दोघांनाही येत नव्हते. सहाशे रुपयांत माडीवर खोली निघत होती. हे सगळे मी तिला आकड्यांनिशी समजावून सांगितले.

ती विळीवर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला वाढवताना मी आकडे मांडले नव्हते. तुम्ही विका. पण मग त्याला कळवा, की या नावाची बहीण आमच्या घरात राहत नाही."

मी दुसऱ्या दिवशी रजा काढली आणि धुळ्याला गेलो.

धुळ्याला, कारण तिथे माझ्या चुलतभावाच्या पेटीत आमची लग्नपत्रिका होती. छापील पुरावा! त्याने अर्धा दिवस पेटी उपसली आणि पत्रिका निघाली. त्यात माझे नाव होते, वडिलांचे होते, आजोबांचे होते, माझी परीक्षा होती (पहिल्या वर्गात), मामांची नावे उतरत्या वयाने होती. आणि वधू? 'सखाराम पाटील यांची ज्येष्ठ कन्या'. बस्स! घोड्याची व्यवस्था कोणी केली त्याचेसुद्धा नाव होते.

"अरे, बाईचं नाव कशाला छापायचं?" चुलतभाऊ म्हणाला. "ते बदलायचंच असतं."

परत येताना बस पारोळ्याला थांबली, तिथे मी उतरलो. तिची आत्या तिथे होती. साऱ्या गावाची अक्का. वय सत्तर, आवाज तीस. मी सगळी हकीकत सांगितली आणि साक्षीला चला म्हणून हात जोडले.

"म्हणजे जवाईबोवा, तुले तुन्ही बायकोनं नाव माहीत नही?"

"एक माहीत होतं, अक्का."

"अन् ते बी तूच ठेवेल!" तिने कपाळाला हात लावला. "चाल. मी सांगस बठ्ठं."

तर, १२ डिसेंबर. अव्वल कारकून काटेकोर माणूस होता. एरवी मला असा माणूस आवडतो. त्याने आधी अक्काला विचारले, "या बाईंना तुम्ही केव्हापासून ओळखता?"

"हाई मन्हा हातवर वाढनी! हाई आमनी ठकी शे. दुसरी कोण ऱ्हाई? पाच वरीसनी व्हती तवय इहीरमा पडनी, मीच काढी. डोकावर खूण शे. दखाडू?"

"नको, नको," कारकून म्हणाला आणि बायकोकडे वळला. "बाई, तुमच्या यजमानांचं नाव सांगा."

बायकांनी नवऱ्याचे नाव घ्यायचे नसते, हे त्यालाही ठाऊक होते. त्याने टाक खाली ठेवला आणि उखाणा ऐकायला हात बांधून बसला. पलीकडच्या टेबलावरचे दोघे उठून जवळ आले.

"रामदास मोतीराम पाटील," बायको म्हणाली. सपाट आवाजात, एका दमात. वसुलीच्या नोटिशीतले नाव वाचावे तसे! अक्काने "अवं माय!" म्हणून पदर तोंडाला लावला. इतकी बायको रागावलेली होती.

मग माझी पाळी आली. "तुमच्या पत्नीचं लग्नाआधीचं नाव?"

मी खाकरलो. "ठकू."

"मोठ्याने सांगा. शपथेवर आहे."

"ठकू."

"पूर्ण."

मी तिच्याकडे पाहिले. कपाळावर केसांच्या कडेला खरेच एक जुनी खूण होती, विहिरीत पडल्याची. एकोणीस वर्षे मी ती कुंकवाचा डाग समजत होतो.

"ठकूबाई सखाराम पाटील," मी म्हणालो. "हिच्या धाकट्या भावाने हिला ओवाळणी पाठवली आहे, ती हिला मिळावी. आधी मी लिहिले ते चुकीचे होते."

"शेवटचं वाक्य अर्जात नाही," कारकून म्हणाला.

"लिहा," मी म्हणालो.

त्याने लिहिले. बायको खिडकीबाहेर बघत होती. पण कचेरीच्या पायऱ्या उतरताना ती तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याशी मिठाशिवाय बोलली. म्हणाली, "अक्काला भूक लागली असेल. आणि तुम्हालाही."

दलालाने १५ तारखेला गाडी सोडवली. जकात २८१ रुपये ४ आणे (दामूने किंमत सहाशे लिहिली होती, कस्टमच्या साहेबाने टायर नवे पाहून साडेसातशे धरली). चोपन्न दिवसांचे गोदामभाडे ८१ रुपये, हे निव्वळ माझ्या अक्षराचे मोल. दलाली २५. मुंबई-जळगाव रेल्वेची वाघीण (मालडबा) ६८ रुपये १२ आणे. स्टँपकागद, अर्जनवीस आणि अक्काचे जाणे-येणे मिळून ३. एकूण ४५९. माडीवरची खोली अजून झालेली नाही.

गाडी स्टेशनावर आली, तेव्हा आमच्या घरच्या ठकूबाई पूजेचे ताट घेऊन आधीच हजर होत्या. हिरवी गाडी, एका बाजूचा दिवा नसलेली. बायकोने गाडीला ओवाळले, हळदीकुंकू लावले आणि मग तिच्या दारावर तळहात ठेवून ती नुसती उभी राहिली. दारावर आतून कोणीतरी चाकूने 'दामू' असे कोरले होते. कोंबडीच्या पायांसारखे अक्षर. मी तोंड फिरवून मालधक्क्यावरच्या कापसाच्या गासड्या मोजू लागलो. बेचाळीस निघाल्या. पुन्हा मोजल्या, तर एकोणचाळीस.

भाड्याने आणलेला ड्रायव्हर पुढे बसला. मागे मालकीण आणि अक्का. मी पुढचे दार उघडले.

"तुम्ही कोण?" मागून आवाज आला.

"म्हणजे?"

"गाडी ठकूबाईंची आहे. तुमच्या घरात या नावाची कोणी राहत नाही, तुम्हीच सहीनिशी कळवलंय. बाहेरच्या माणसाला घरापर्यंतचे दोन आणे पडतील."

अक्का इतकी हसली की गाडी हलली. मी दोन आणे काढले. रोख, आगाऊ. गाडी स्टेशनाच्या आवाराबाहेर पडली, चौकापर्यंत आली आणि बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला, ढकलावी लागेल. बायका खाली उतरल्या नाहीत. एक मालकीण होती, दुसरी साक्षीदार. राहिलेला पाऊण रस्ता, नेहरू शर्ट खांद्यापर्यंत भिजेतो, मी गाडी ढकलत घरी आणली.

दारात पोचल्यावर मी हिशेबाने पाऊण रस्त्याचे सहा पैसे परत मागितले. ठकूबाईंनी दिले नाहीत.