काटा चाळीसवर होता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुला सांगतोय — का, ते विचारू नकोस.

किन्हवलीत माझं गॅरेज आहे. दामूदादा एका शेठचा जुना ट्रक चालवायचा, शहापूरहून मुरबाडला विटा न्यायचा. नजर मीटरच्या काट्यावर, चाळीसच्या पुढे जायचाच नाही. सगळे त्याला चाळीसदादा म्हणून चिडवायचे, मीसुद्धा. शेठ मात्र वैतागलेला — दुसऱ्यांच्या दोन खेपा होईपर्यंत याची एकच.

आता कसं सांगू? युक्ती माझीच होती. शेठला म्हणालो, त्याला चाळीसनेच चालवू द्या, आपण मागचा क्राऊन बदलू. क्राऊन म्हणजे मागची चाकं फिरवणारं दातेरी चक्र. ते कमी दात्यांचं बसवलं की इंजिन तेवढंच फिरतं, चाकं जास्त पळतात. आणि मीटरची वायर पुढे गिअरबॉक्सला — त्याला मागचा बदल कळतच नाही. काटा चाळीस दाखवणार, गाडी पन्नासच्या पुढे धावणार. काय हुशार समजत होतो मी स्वतःला!

दादाला शंका आली होती. "आवाज बदललाय रे," म्हणाला. इंजिन मोकळं केलंय, असं मी ठोकून दिलं. तेव्हा तरी सांगायला हवं होतं — नाही का? पण मला गंमत वाटत होती. आता सांगतानाही लाज वाटते.

शेणव्याच्या वळणावर ट्रक उलटला. त्या वळणावर तो वर्षानुवर्षं चाळीसनेच वळायचा. दादाचा पाय गुडघ्यापासून गेला. आणि गाव काय म्हणालं? चाळीसदादाने शेवटी पळवलीच.

मी भेटायला गेलो, तर घर माणसांनी भरलेलं. दादा कळवळून सांगत होता, "काटा चाळीसच्या पुढं गेलाच नाय. याला इचारा, गाडीचं काम यानंच केलंय." सगळे माझ्याकडे वळले. गॅरेज, शेठ, पोलीस — सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"मीटर बरोबर हाय," मी म्हणालो.

मीटरमध्ये खरंच बिघाड नव्हता. म्हणून तर नेमके तेच शब्द वापरले मी.

दादा हळूच म्हणाला, "मग माजीच नजर चुकली असंल रे."

माझ्यावर विश्वास ठेवला त्याने — स्वतःच्या डोळ्यांवर नाही. आजही कुणी विचारलं की तो हेच सांगतो, पळवली असंल मीच. मी शेजारी चहा पीत बसलेला असतो.

काटा चाळीसवर होता.