गजाला लावलेला कान

पाणीपुरवठा खात्यात त्याला सगळे कानसेन म्हणत, पण गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. रस्त्याखाली पाइप कुठे फुटलाय, हे तो ऐकून सांगायचा. हातात पुरुषभर उंचीचा पोलादी गज, त्याच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी. खालचं टोक रस्त्यावर टेकवायचं, वाटीला कान लावायचा, मनात शंभर आकडे मोजायचे. खाली पाणी निसटत असेल तर बारीक थरथर गजातून वर चढते आणि कानातून थेट छातीत उतरते. मग तो खडूने फुली मारायचा आणि मुकादमाची माणसं तिथे खणायची. सत्तावीस वर्षांत त्याच्या चुकलेल्या फुल्या एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या.

आणि आता दोन महिन्यांत लागोपाठ तीन चुकल्या. चढावरच्या वस्तीत नळाला करंगळीएवढी धार उरली होती, वाटेत कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि मुकादमाने खणलेले तिन्ही खड्डे कोरडे ठणठणीत निघाले. मुकादम तोंडाचा फटकळ.

"माझ्या माणसांचे खांदे निखळायची वेळ आली," तो म्हणाला. "चौथा खड्डा खणायचा असेल तर पहिला तू उतर."

साहेब वयाने लहान आणि बोलायला मऊ. त्याचं बोलणं जास्त लागलं. "आपण यंत्र मागवू या. सोमवारी कागद काढतो. तुम्ही मीटरच्या टेबलावर या, आरामात पंख्याखाली बसा."

कानसेनला पंखा नको होता. गज हातातून गेला तर आपण नक्की कोण, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो तडक कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने तपासून सांगितलं, "कान तिशीतल्या माणसाला लाजवतील असे आहेत." या चांगल्या बातमीने तो आणखीच घाबरला. कान शाबूत आहेत, मग गेलं काय?

ते बायकोने सांगितलं. ती घरी शिवणकाम करायची आणि मोजूनमापून बोलायची.

"काल जेवताना मी तीनदा विचारलं, वाढू का. तुम्ही हो म्हणालात, मग नाही म्हणालात, मग परत हो म्हणालात. फोनमधून मान काही वर केली नाहीत. समोर बसलेल्या माणसाचं ऐकू येत नाही, जमिनीखालचं काय डोंबल ऐकणार?"

"अगं, तो फोनच बिघडलाय," कानसेन म्हणाला. "कुणाचा नसतो तरी खिशात उगाच थरथरतो. सारखा बघावा लागतो."

हे अर्धसत्य होतं. बघायला काढलेला फोन अर्धा तास खिशात परतायचा नाही. परक्यांची भांडणं, परक्यांचे स्वयंपाक, विहिरीत पडलेली कुणाची तरी गाय. ती गाय वर येताना त्याने तीनदा पाहिली होती. शंभर मोजणारा माणूस हल्ली विसावर यायचा आणि हात खिशाकडे जायचा. एवढं त्यालाही कळत होतं. त्याने फोन बायकोपुढे ठेवला.

"सोमवारपर्यंत ठेव."

तिने तो शिलाई मशीनच्या खणात टाकला. कुलूप लावलं नाही. "कुलूप लावायची वेळ येणार असेल तर देऊच नका," म्हणाली.

पहिला दिवस वाईट गेला. चहाच्या रांगेत हात खिशाकडे, जिन्यात हात खिशाकडे. संध्याकाळी तो चमचा सापडत नाही म्हणून घर डोक्यावर घेऊन बसला. दुसऱ्या दिवशी त्याला शेजारच्यांचा खोकला ऐकू आला. मग बायको कापड बेतताना काहीतरी गुणगुणते, ते ऐकू आलं. किती वर्षं गुणगुणत असेल कोण जाणे. तो दारात उभा राहून ऐकत होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी सकाळी तो गज घेऊन चढाच्या पायथ्याला, बेकरीच्या कोपऱ्यावर गेला. इथे तो याआधी चारदा उभा राहिला होता. गज टेकवला, कान लावला, मोजायला लागला. वीस, चाळीस, काही नाही. साठाच्या पुढे छातीशी थरथर झाली आणि सवयीने हात शर्टाच्या खिशाकडे गेला.

खिसा रिकामा होता. थरथर चालूच होती.

कानसेन जागच्या जागी थिजला. याच कोपऱ्यावर चारही वेळा त्याला फोन आल्यासारखा वाटला होता. चारही वेळा त्याने कान काढून फोन पाहिला होता, बिघडलाय म्हणून चरफडला होता आणि पुढे गेला होता. त्याने पुन्हा कान लावला. आता पाण्याची सूं ऐकू येत होती, त्या धारेत गोल फिरणारी खडी ऐकू येत होती, आणि खूप खाली, मोठ्या पाइपातून पाण्याचा संथ, अखंड प्रवाह चाललेला होता. अख्खी वस्ती त्यावर जगत होती. सत्तावीस वर्षं हे ऐकूनही त्याचे डोळे भरून आले.

फोन नव्हता, म्हणून तो चालत मुकादमाच्या घरी गेला आणि त्याला बनियनवर शर्ट चढवायला लावून घेऊन आला.

"खणू नकोस. आधी ऐक."

मुकादमाने इतकी वर्षं खणलं, पण गजाला कान कधी लावला नव्हता. कुरकुरत त्याने लावला. जरा वेळाने त्याचा हात आपसूक शर्टाच्या खिशात गेला. त्याने फोन काढून पाहिला. कुणाचाच नव्हता. त्याने कानसेनकडे पाहिलं, फोन बेकरीच्या पायरीवर ठेवला आणि पुन्हा कान लावला. बराच वेळ तो हलला नाही. मग हलक्या आवाजात म्हणाला, "पोरांना बोलावतो."

कमरेइतकं खणल्यावर पाणी उसळलं. मुकादम घोटाभर पाण्यात उभा होता. "कधीपासून असेल रे हे?"

"दोन महिने," कानसेन म्हणाला. "मला हाका मारत होतं."

सोमवारी चढावरचे नळ भरून वाहिले आणि साहेबाने काढलेला कागद स्वतःच फाडला. संध्याकाळी बायकोने फोन आणून ताटाशेजारी ठेवला. कानसेनने तो उचलून मागच्या फळीवर सरकवला.

"वाढू का?" तिने विचारलं.

त्याने मान वर केली. "वाढ. आणि कापड बेतताना तू काय गुणगुणतेस गं?"

तिचा हात पातेल्यातच थांबला. "तुम्हाला ऐकू आलं?"