कृष्णनाथ गावसाचा गुडघा

धडधाकट दिसणारा माणूस एक दिवस कामावर जायचं सोडतो आणि घरी बसतो, त्याला तुम्ही काय म्हणता? आळशी? बायलेच्या जिवावर खाणारा? खरं सांगा, म्हणताच ना?

गोव्यातल्या लाटंबार्से गावातही म्हणत होते, फक्त कृष्णनाथ गावसाच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, कारण वाड्याचं, म्हणजे वस्तीचं, गाराणं तो घालायचा. सातेरीच्या देवळात कोणाची अडचण असली की कृष्णनाथने नारळावर हात ठेवून ती देवासमोर मोठ्याने मांडायची आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही तिथली रीत. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या मुलीचं कुठे जमत नाही, कोणाचा मुलगा बाटलीला चिकटला, सगळं त्याच्या तोंडून देवापर्यंत जायचं. आवाज असा खणखणीत की शेवटच्या खांबाला टेकून डुलक्या काढणारा म्हातारासुद्धा दचकून 'व्हय' म्हणायचा. स्वतःचं गाराणं मात्र त्याने कधी घातलं नव्हतं. घालू नये असा नियम नव्हता. बापाने घातलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून यानेही घातलं नाही.

पोटासाठी तो खाणीवर मालाचा टिप्पर चालवायचा. तेव्हा खाणी धडाक्यात चालू होत्या. डिचोलीकडचे रस्ते लाल झालेले, झाडं लाल, दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यांचासुद्धा रंग ओळखू येईना. खेपांवर पैसे, म्हणून जो तो गाडी पळवी. कृष्णनाथ त्यातल्या त्यात सांभाळून चालवणारा.

एकदा भरलेला टिप्पर घेऊन तो उतरणीवर आला आणि ब्रेक लागला नाही. खाली मोरीच्या कठड्यावर वाड्यावरची गंगाबाई काजूची पाटी घेऊन बसली होती. कृष्णनाथने हॉर्न दाबला, गाडी डावीकडच्या मातीच्या उंचवट्यात घातली. गंगाबाई उठून पळाली. पाटी चेंदली. कोणाला खरचटलंही नाही.

म्हणजे झालं काय? काहीच नाही. आणि हेच त्याच्या मुळावर आलं. कोणी मेलं असतं, हातपाय मोडला असता, तर चार माणसं जवळ येऊन बसली असती. इथे लोकांनी पाठ थोपटली, देवळात नारळ दिला, आणि गंगाबाई वाचली म्हणून देवाचे उपकार मानणारं गाराणं घालायला उभं कोणाला केलं? कृष्णनाथलाच. त्याने घातलं. गंगाबाईचं नाव घेतलं, तिच्या मुलाबाळांचं घेतलं, वाड्याचं घेतलं. आपण त्या गाडीत होतो हे त्यात कुठेच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो टिप्परच्या पायरीवर चढला आणि तसाच खाली उतरला. तळहात घामाने ओले झाले होते. मुकादमाला म्हणाला, गुडघा दुखतो. गुडघा ही बरी जागा आहे. दिसत नाही, खोटी ठरत नाही, आणि पुरुषाला शोभते. गावात कोण म्हणेल की मला भीती वाटते? काजूची भट्टी लागली की इथले बाप्ये हुर्राक पिऊन रडतील, दुसऱ्या दिवशी कडक चढली होती म्हणतील. डोक्याचा डॉक्टर म्हटलं की यांना फक्त वेड्यांचं इस्पितळ आठवतं. तेल आलं, पाला आला, सावंतवाडीचा हाडवैद्य आला. कमलाक्षी, त्याची बायको, रोज रात्री नवऱ्याचा चांगला गुडघा चोळत बसायची. तिला माहीत होतं. चोळताना हाताला कळतं.

ती अंगणवाडीत मदतनीस होती. तिच्या पगारावर घर कसंबसं चालत होतं. त्यात डिचोली-दोडामार्ग रस्त्यावर मिनीबस चालवणाऱ्या मधुकर शेटने विचारणा केली. ड्रायव्हर हवा होता, आणि कृष्णनाथचा हात त्याला ठाऊक होता. गणेश चवथीपर्यंत थांबतो म्हणाला, त्यानंतर सीट दुसऱ्याला. कमलाक्षीने देव पाण्यात घातले नाहीत, पण जीव तेवढा टांगलेला होता. ही सीट गेली तर नवरा पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावणार नाही, हे ती ओळखून होती.

त्याच सुमाराला गावच्या इस्कोलच्या, म्हणजे शाळेच्या, सभागृहात शहरातल्या एका इस्पितळाची माणसं येऊ लागली. ड्रायव्हर लोकांच्या मनावरचा ताण आणि तो कमी करायचे उपाय, असं त्यांचं संशोधन. आधी रक्तदाब मोजायचा, प्रश्न विचारायचे, उत्तरांना गुण द्यायचे. ज्यांचा ताण ठरावीक गुणांवर जाईल त्यांना दर शनिवारी श्वासाचे व्यायाम आणि गोलात बसून बोलणं. शेवटी पुन्हा सगळं मोजायचं आणि फरक पडला का ते बघायचं. हे सगळं बघणारी गौरवी जवळच्या मये गावची मुलगी, मानसशास्त्र शिकलेली. बोलायला मऊ, पण कामाला काटेकोर.

कमलाक्षीने नवऱ्याला गुडघ्यावर औषध मिळतं म्हणून तिथे नेलं. थाप होती, पण गुडघ्याच्या थापेला थापेनेच उत्तर द्यावं लागतं.

गौरवीने त्याला कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसवून पहिला प्रश्न विचारला, गेल्या महिन्याभरात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारखं वाटलं का. कृष्णनाथने कोणीतरी गाराण्याला उभं केल्यासारखी मान ताठ केली आणि म्हणाला, वाटलं तर, पुष्कळदा. झोप? झोप कुठली. राग? राग तर विचारूच नको. तो सांगत गेला, पोरगी भराभर लिहीत गेली. जमिनीचा दावा, मुलीचं मोडलेलं लग्न, आटलेली विहीर, दारू, सुनेचं भांडण. गुणांची बेरीज एवढी झाली की गौरवी घाबरली. एवढं सगळं घेऊन हा माणूस चालत आला कसा?

"काका, हे सगळं तुमच्यावर आहे?"

"माज्यार खंय गो बाय? वाड्यार. तू इचारलंस म्हणान सांगलां."

त्याची चूक नव्हती. आयुष्यभर त्याला अडचण विचारली ती दुसऱ्यांचीच. गौरवीने सगळं खोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून फक्त त्याच्यापुरतं विचारलं. आता कृष्णनाथ एका शब्दावर आला. झोप? बरी आसा. भीती? कसली. फक्त गुडघा. रक्तदाबाचं यंत्र काही वेगळंच सांगत होतं, तर म्हणाला, चढण चढून आलो. नियमाप्रमाणे तो गटात बसत नव्हता. गौरवीने कमलाक्षीला तसं सांगितलं. स्वतः खोटं लिहून त्याला आत घेणार नाही, हेही सांगितलं. कमलाक्षीला राग आला, पण पोरगी बरोबर होती.

पुढच्या शनिवारी कमलाक्षी त्याला पुन्हा घेऊन गेली, बघायला म्हणून. गोलात ड्रायव्हर बसलेले. त्यात निलेश होता, त्याच खाणीवरचा, जिभेला हाड नसलेला. त्याने बघताच टोमणा मारला, "काय कृष्णादा, आमच्या बायलांची झगडी देवाक सांगतंस, आणि आपलो गुडघो तेवढो लपयतंस?"

सगळे हसले. कृष्णनाथही हसला, आणि उठून दाराकडे निघाला. दारात कमलाक्षी उभी होती. ती बाजूला झाली नाही.

"गाराणां घाला," ती म्हणाली.

"हय? इस्कोलात? देव खंय हय?"

"देवाक देवळाभायर कान नाय काय?"

गोलातलं हसू थांबलं. गौरवीच्या कार्यक्रमात गाराणं बसत नव्हतं. पण ती मयेची, गाराणं ऐकत वाढलेली. तिने हातातला पेन खाली ठेवला आणि म्हणाली, घाला काका, आम्ही ऐकतो.

कोणाचं घालू, त्याने विचारलं. एका ड्रायव्हराचं, कमलाक्षी म्हणाली. हे त्याला जमण्यासारखं होतं. त्याने हात जोडले, आवाज लागला.

"बा देवा म्हाराजा, गे माये सातेरी, आज हय जो कोण लेकरू तुज्या पायाकडे उबो रवलो हा…"

"व्हय म्हाराजा," गोल सवयीने म्हणाला.

"तेच्या मनात जी काय भीती आसा, हातापायात जो काय कंप आसा, तो तू जाणतंस…"

"व्हय म्हाराजा."

आता नाव यायला हवं होतं. गाराण्यात ज्याची अडचण त्याचं नाव घ्यावंच लागतं, नाहीतर देवाने ते कोणाचं समजायचं? इतक्या वर्षांत नावापाशी कृष्णनाथ कधी अडला नव्हता. आज अडला. निलेश खाली मान घालून बसला होता. तो वर न बघताच म्हणाला, "नाव घे रे दादा."

"कृष्णनाथ," तो म्हणाला. "कृष्णनाथ गावस."

आणि मग जे बाहेर आलं ते गाराण्याच्या साच्यात मावणारं नव्हतं. त्याचा खणखणीत आवाज पार बसला. ब्रेक लागला नाही. गंगाबाई उठली नसती तर. आपण तिचं तोंड बघत होतो, अजून रोज बघतो. झोपलं की स्वप्नात ती उठत नाही, बसूनच राहते. गुडघ्याला काही झालेलं नाही. असं तुटक तुटक सांगून तो खाली बसला. कोणी 'व्हय' म्हणेना. अशा बोलण्याला काय म्हणायचं, हे कोणाला माहीत नव्हतं.

मग निलेशच म्हणाला, हळूच. "व्हय म्हाराजा." त्याच्यामागून एकेक करत बाकीचे.

गौरवीने त्याच दिवशी प्रश्न पुन्हा विचारले, आणि या वेळी उत्तरं त्याची स्वतःची होती. तो गटात आला. घरी जाताना कमलाक्षीने तिला विचारलं, आता बरा होणार ना? गौरवीने गोड बोलून वेळ मारून नेली नाही. म्हणाली, एका माणसावरून संशोधनात काही ठरत नाही, आणि एका दिवसात माणसाचंही. पण आता उपाय करायला माणूस तरी मिळाला.

उपाय साधाच. श्वास घेताना सावकाश, सोडताना त्याहून सावकाश. कृष्णनाथला पहिल्यांदा तो पोरखेळ वाटला. तरी केला. मग भीतीच्या वस्तूजवळ थोडं थोडं जायचं. मधुकर शेटला त्याने स्वतः जाऊन सांगितलं की गुडघा बरा आहे, तो आधीपासूनच बरा होता. शेट कुरकुरला, पण अंगणात उभी मिनीबस त्याला बसायला दिली. आधी इंजिन बंद ठेवून नुसता बसला. मग इंजिन चालू करून. मग देवळाच्या माळावर फेरी. एकदा मधेच उतरून घरी निघून आला, तेव्हा कमलाक्षीने काही विचारलं नाही, भात वाढला. चवथीच्या तोंडावर तो रिकामी बस घेऊन दोडामार्गला जाऊन आला. ती पुढच्या सीटवर होती. उतरणीवर त्याचे तळहात ओले झाले, आणि गाडी चालत राहिली.

सीट त्याला मिळाली. भीती गेलेली नाही. डिचोलीच्या स्टँडवर बस भरली की तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतो, डोळे मिटतो आणि एक लांब श्वास सोडतो, आणखी एक सोडतो, आणि मगच चावी फिरवतो. मागचे उतारू तेवढ्यातच तापतात. कोणी शिट्टी मारतो, कोणी ड्रायव्हर झोपला म्हणून ओरडतो.

तुम्ही कधी त्या बसमध्ये चढलात तर पत्र्यावर थापा मारू नका. तेवढा वेळ त्याला द्या, आणि शेजारचा ओरडायला लागला तर त्यालाही गप्प बसवा.