दुसऱ्या शनिवारचा जॅझ

दोन वर्षांपूर्वी मी आदल्या वर्षीचा एक कार्यक्रम चालू वर्षाचा म्हणून छापला, आणि भानूमामा तो ऐकायला पुण्याला गेले.

चूक एवढीच. आणि गोष्ट इथंच संपली असती, तर आतापर्यंत मी ती दहा पंगतींत हातवारे करून सांगितली असती. स्वतःच्या फजित्या सांगण्यात आपला हात कुणी धरत नाही. जळकोटला हायवेवर शेजारी-शेजारी दोन मंगल कार्यालयं, मी भलत्याच लग्नात जेवलो, आहेर केला, नवरदेवाबरोबर फोटो काढला, आणि घरी आल्यावर बायकोनं विचारलं, तुम्ही लग्नाला का आला नाहीत — हे मी इतक्यांदा सांगितलंय की ऐकणारे माझ्याआधी हसतात. पण पुण्याची गोष्ट मी सांगत नाही. तोंडानं आजवर कुणालाच सांगितलेली नाही. चूक सांगता येते हो. चुकीनंतरच्या पाच मिनिटांत जे केलं — ते कोणत्या पंगतीत सांगायचं?

थांबा, जरा मागनं सांगत येतो.

मी येडशीला राहतो आणि पुण्या-मुंबईच्या लोकांना संध्याकाळी कुठं जावं ते सांगतो. हसू नका, हाच माझा धंदा आहे. एका वेबसाइटसाठी दर महिन्याला येत्या कार्यक्रमांच्या याद्या करायच्या. नाटकं एकानं घेतली, प्रदर्शनं दुसरीनं. जॅझ कुणी घेईना, तो माझ्या गळ्यात पडला. तोवर मी जॅझ ऐकलेला नव्हता. मोबाइलवर एक तुकडा लावला, तर मला वाटलं वादक अजून वाद्यं जुळवतायत. नऊ मिनिटांनी टाळ्या पडल्या तेव्हा कळलं, कार्यक्रम झाला. तरी मी लिहायला लागलो. ‘रेशमी सुरांची संध्याकाळ.’ ‘मंतरलेला सॅक्सोफोन.’ रेंज गच्चीवरच येते, म्हणून गच्चीत बसायचो; खाली शेजाऱ्याच्या शेळ्या ओरडायच्या आणि वर मी पुणेकरांना धुंद करायचो.

आता सॅक्सोफोन म्हटलं की आमच्या नात्यागोत्यात एकच माणूस. भानूमामा, परंड्याचे, माझ्या आईचे धाकटे भाऊ. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मामांनी काठी खाली ठेवली आणि सॅक्सोफोन उचलला. चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये वाजवला. डीजे आले, बँड मोडला, बाकीच्यांनी वाद्यं फुंकून टाकली, म्हणजे विकली. मामा तेवढे रोज सकाळी गोठ्यापाशी तासभर वाजवत राहिले. त्याशिवाय म्हैस पान्हवत नाही, असं मामी पाहुण्यांना सांगायच्या.

एकदा मी त्यांना माझं काम समजावत होतो. जॅझ म्हणजे काय, हे मी — ज्याला ठाऊक नव्हतं त्यानं — सांगितलं: आधी गाणं वाजवतात, मग ते सोडून मनानं कुठंतरी लांब जातात, मग परत येतात. मामा म्हणाले, “मग त्यात काय नवं. नवरदेव मारुतीच्या पाया पडाय देवळात गेला की भाईर येस्तवर आमी तेच करायचो.” मी महिनोन्‌महिने पानं भरून जे सांगू शकलो नव्हतो, ते या माणसानं तंबाखू मळता मळता सांगून टाकलं.

मग त्यांनी विचारलं, ऐकणारे कुठं असतात. म्हटलं, खुर्च्यांवर.

“बसून?”

“बसूनच.”

“अन् बोलत न्हाईत?”

म्हटलं, नाही. मामांनी तंबाखू मळायची थांबवली. “आमी जलमभर चालत वाजिवलं, रमेश. म्होरं घोडं, मागं वऱ्हाड. कोण ऐकतंय का न्हाय, कधी कळलंच न्हाय.” आणि मग, चोरी सांगावी तशा आवाजात, “एकदा बघायचंय मला. लोक गप बसून सॅक्सोफोन ऐकत्यात, ते.”

सत्तरीला आलेल्या माणसानं दुसरं काय मागितलं होतं आयुष्याकडं?

तर डिसेंबरची यादी. पुण्यातल्या एका हॉलवर आदल्या वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सॅक्सोफोनचा कार्यक्रम झाला होता. यंदाची काही बातमी नव्हती. हॉलला एक फोन लावला, उचलला नाही. आता आमच्याकडं यात्रा कशी असते? ठरल्या तिथीला दरसाल भरते. यंदा यात्रा आहे का, असं कुणी फोन करून विचारतं का? विचारलं तर लोक वेड्यात काढतील. मी जॅझलाही तीच अक्कल लावली. गेल्या साली दुसऱ्या शनिवारी, तर यंदाही दुसऱ्या शनिवारी. वर ‘रसिकांनी चुकवू नये’ असं लिहून यादी धाडून दिली. आणि फुशारकीनं मामांना फोन केला.

त्यांनी पत्ता लिहून घेतला. एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर, मोठ्या अक्षरात, प्रत्येक शब्द मला परत म्हणून दाखवत. हॉलचं नाव, रस्ता, समोरची खूण. मी बरोबर जायला हवं होतं. गेलो नाही. काम आहे म्हणालो. काम नव्हतं, कंटाळा होता — हेही आता सांगूनच टाकतो.

मामा इस्त्रीचा सदरा घालून, एसटीनं कुर्डूवाडी, तिथून रेल्वेनं पुणे. संध्याकाळी सहाला फोन आला. मागं रहदारीचा आवाज.

“रमेश, हितं साड्यांचा सेल लागलाय रं.”

मी हसलो. खरंच हसलो. मग मामा म्हणाले, वॉचमन म्हणतो आज जॅझ-बिझ काही नाही, मी तीनदा विचारलं, बायका बघायला लागल्यात — आणि माझं हसू थांबलं. कारण त्या क्षणी मला कळलं.

‘मामा, माझं चुकलं.’ चार शब्दही नाहीत हो. तीनच. ते म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, “मामा, तुम्ही दुसऱ्याच हॉलवर गेलात.”

का? मला खरंच ठाऊक नाही. तोंडातनं गेलं. आणि एकदा गेल्यावर मी त्याला भिंती बांधत बसलो. म्हटलं, मी सांगितलं एक, तुम्ही ऐकलंत दुसरं. खरा हॉल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, आता पोचणार नाही तुम्ही, माघारी या. फोन ठेवला आणि गच्चीवर पळालो. यादीतनं तो कार्यक्रम पुसून टाकला. पाच मिनिटं लागली. शेळ्या ओरडत होत्या.

मामांचा डावा कान जरा अधू आहे. चाळीस वर्षं ढोलाशेजारी उभं राहिल्यावर कुणाचा शाबूत राहील? मला ते माहीत होतं. मी नेमका तोच कान धरला.

दुसऱ्या दिवशी परंड्याला गेलो. काळजी म्हणून नव्हे — पत्रिकेचा कपटा होता ना त्यांच्याकडं. सगळं घर बसलेलं. सतीश, म्हणजे मामांचा मुलगा, शाळेत मास्तर आहे आणि घरालाही वर्गच समजतो. त्याच्यापुढं मामांनी खिशातनं कपटा काढला. म्हणाले, बघ, म्या बराबर लिवलंय का न्हाय. मी तो हातात घेतला. अक्षर न्‌ अक्षर बरोबर होतं. मी सगळ्यांदेखत मान हलवली, म्हणालो, “इथंच घोळ झालाय, मामा,” आणि घडी घालून माझ्या खिशात टाकला. परत कुणी मागितला नाही. भाचा खोटं कशाला बोलेल?

तिथून पुढं जे झालं, ते मी बघत राहिलो. मामांना एकट्यानं एसटीत बसणं बंद. बार्शीला दवाखान्यात जायचं तरी सतीश सोबत. “एकटे गेले तर हरवतील” — हे वाक्य त्या घरात मिठाच्या बरणीसारखं झालं, येता-जाता कुणीही हात घालावा. सुना म्हणत, पाहुणे म्हणत. सणासुदीला मीही त्यात हसलोय. ऐकलंत? मीही.

पण तेही सोसलं असतं मामांनी. त्या उन्हाळ्यात गेलो, तर सकाळी गोठ्यापाशी शांत. मी मामींना विचारलं. त्या धार काढत होत्या. म्हणाल्या, सोडलं त्यांनी वाजवायचं. मी उगाच विनोद केला, मग म्हैस? तर म्हणाल्या, “ती पान्हवती की तशी बी.”

मामांना विचारलं तेव्हा ते माझ्याकडं न बघता बोलले. “तू एक सांगितलंस, मला दुसरंच ऐकू आलं. मग चाळीस वर्सं सूर तरी बराबर ऐकू येत व्हता का? लोक काय, लग्नाच्या गडबडीत. कोण सांगणार?”

त्या दिवशी तरी सांगायचं होतं. सांगितलं नाही. दिवाळीला ठरवलं. मग संक्रांतीला. पुढच्या दिवाळीलाही ठरवलं होतं. कपटा माझ्या पाकिटात होता, घडीवर झिजत चाललेला. फेकलाही नाही. फेकायलाही धीर लागतो की काय, कोण जाणे.

आणि गेल्या आठवड्यात आईनं सहज सांगितलं: येत्या बाजारी मामा सॅक्सोफोन मोडीत घालणार. भांडीवाल्याला पितळ देऊन मामींना घागर घ्यायची. ठोके पडून चेपलं की ते वाद्य परत वाजत नाही. दोन रात्री माझा डोळा लागला नाही. यादीसाठी उशिरा आलेली पत्रकं उघडली, फक्त हाताला काहीतरी हवं म्हणून. आणि बघतो तर तोच हॉल. या शनिवारी. सॅक्सोफोन. हॉलला फोन केला, मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. चौथ्यांदा बाई वैतागली, म्हणाली, अहो आहे म्हणतेय ना. जो फोन दोन वर्षांपूर्वी दुसऱ्यांदा लावायचा होता, तो मी आता चारदा लावला.

येडशी ते बार्शी, बार्शी ते परंडा, मी एसटीत बोलायची तालीम करत होतो. शेजारचा उठून मागं जाऊन बसला. पोचलो तर सॅक्सोफोनची पेटी दाराशी, बाजाराच्या पिशवीशेजारी. मामा खाटेवर. मी एका दमात म्हणालो, मामा, शनिवारी पुण्याला चला, खरा कार्यक्रम आहे, मी घेऊन जातो, पुढच्या रांगेत बसवतो.

“नगं बाबा,” मामा म्हणाले. “मला काय ऐकू येतंय अन् काय न्हाय. हसं हुतंय.”

बोल, मी स्वतःला म्हणत होतो. आता बोल. शेवटी पाकिटातनं कपटा काढला. पत्त्याच्या खाली थोडी जागा होती. तिथं मी लिहिलं — त्यांच्या तोंडासमोर बसून, पेनानं, शाळेतल्या पोरासारखं: ‘मामा, पत्ता बरोबर होता. कार्यक्रमच नव्हता. तुम्हाला बरोबर ऐकू आलं होतं. मी खोटं बोललो.’

मामांनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं. वरचा पत्ता वाचला, खालचं वाचलं, मग परत वरचा. बोट प्रत्येक अक्षरावरनं फिरत होतं. मग त्यांनी हात उचलून डावा कान नुसता धरला, आणि धरून बसले. माझ्याकडं बघितलं नाही.

तेवढ्यात सतीश चहा घेऊन आला. म्हणाला, काय रे, कसला कागद? मामांनी मान वर केली आणि आता मात्र सरळ माझ्याकडं बघितलं. ते वाट बघत होते. मला कळत होतं, कशाची. दोन वर्षांपूर्वी ज्या माणसांपुढं मी तो कपटा खिशात घातला, त्यांच्यापैकी एक समोर उभा होता, मामी चुलीपाशी होत्या.

मी म्हणालो, “काय नाही रे. जुना कागद आहे, असाच.”

हे मी केलं. दोन वर्षांपूर्वी नव्हे, गेल्या मंगळवारी.

मामांनी कपट्याची घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. मामींना म्हणाले, ती पेटी दारातनं उचल, आत ठेव. मामींनी का म्हणून विचारलं नाही, उचलली. माझा चहा तसाच होता. मामा सतीशकडं वळले.

“ह्याला ष्टँडवर सोडून ये. एकटा गेला तर हरवंल.”