गडग्यापलीकडचा मानकरी

आमच्या कलमांच्या बागेतल्या खोलीत एक म्हातारा स्कॉटिश भाडेकरू राहायचा. "मी सैनिक, आमच्या कुळाचा प्रमुख. भावकीनं मला देशोधडीला लावलं," असं सांगायचा. माझा काडीचा विश्वास नव्हता. भिंतीवरची पदकंही मला विकतचीच वाटायची. कुळाचा प्रमुख म्हणजे आमच्याकडचा मानकरी. शिमग्याला देवाच्या पालखीला खांदा द्यायला तो कुठूनही गावी येतो. हा मेला घराचं नाव काढील तर शपथ!

गेल्या शिमग्याला पालखी अंगणात आली. सगळे पुढे धावले. आम्ही वाळीत टाकलेला आमचा मानकरी नेहमीसारखा अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे उभा होता. त्याच्याबद्दल म्हाताऱ्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्यानं टोपी काढली, गडग्याला वळसा घातला आणि तो मानकऱ्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.